यानाचेकच्या ‘द कनिंग लिटल व्हिक्सन’ (धूर्त कोल्हीण) या ऑपेरातल्या प्राण्यांना म्युनिकच्या प्रयोगात शेपट्या का नाहीत? आणि मुलांना तो दाखवावा का?

चेक संगीतकार लेओश यानाचेकने हा ऑपेरा सत्तरीच्या उंबरठ्यावर लिहिला. 1924 मध्ये ब्र्नो या चेक शहरात पहिला प्रयोग झाला. कथा मुळात तिथल्या दैनिकात चित्रांसोबत क्रमशः आलेली. तेव्हापासून दिग्दर्शकांना केसाळ पोशाखांचा मोह सुटलेला नाही, आणि मग सगळं शाळेच्या गॅदरिंगसारखं दिसायला लागतं. 2022 मध्ये म्युनिकला दिग्दर्शक बॅरी कॉस्कीने नेमकं तेच टाळलं. शेपट्या नाहीत, मुखवटे नाहीत, झाडंसुद्धा नाहीत. चमचमत्या झालरींचे पडदे वरखाली होतात, तेच जंगल. माणसं काळ्या कपड्यांत, प्राणी रंगीत. मला हे पटलं, कारण जंगलाचं काम यानाचेकचा वाद्यवृंद आधीच चोख करतो. शिवाय माणूस आणि जनावर यांच्यातली रेघ त्यानेच पुसट ठेवली आहे: पाद्री आणि बिज्जू ही दोन्ही कामं सहसा एकच गायक करतो.

कोंबड्यांचा प्रसंग मात्र चुकवू नका. कोल्हीण त्यांना कोंबड्याच्या जुलमाविरुद्ध पेटून उठा म्हणून जोरदार भाषण ठोकते, त्या ढिम्म. मग ती मेल्याचं सोंग घेते आणि कोंबड्यासकट सगळ्यांचा फडशा पाडते. पुढाऱ्यांची भाषणं ऐकून पिकलेल्या आपल्यासारख्यांना हसू आवरत नाही.

मुलांचं म्हणाल तर आठ-दहा वर्षांच्या पुढे बिनधास्त न्या. फक्त तिसऱ्या अंकात चोरटा शिकारी कोल्हिणीला गोळी घालतो, हे घरीच सांगून ठेवा. लांबी साधारण पावणेदोन तास.