आधी कॅप बघ, मग नावं

एनएफएल, म्हणजे अमेरिकन फुटबॉलची लीग, बघायला नवीन आहेस म्हणून सांगतो, मार्चमध्ये फ्री एजन्सी, म्हणजे करार संपलेल्या खेळाडूंना घ्यायची मुभा, उघडली की मोठ्या नावांवर भाळू नकोस. आधी सॅलरी कॅप बघ, म्हणजे संघाच्या एकूण पगारावरची मर्यादा. साइनिंग बोनस, म्हणजे सही करताना मिळणारे पैसे, कॅपमध्ये कराराच्या वर्षांवर वाटून मोजतात, जास्तीत जास्त 5 वर्षं. खेळाडूला मध्येच काढलं की उरलेला हिशेब कॅपच्या बोकांडी बसतो. ‘हाकला त्याला’ म्हणणं सोपं असतं रे, पण तो गेल्यावरही जागा अडवून ठेवतो.

डेट्रॉइट लायन्स या संघाचंच घे. 2021 मध्ये त्यांनी आपला क्वार्टरबॅक, म्हणजे पास फेकून आक्रमण चालवणारा, मॅथ्यू स्टॅफर्ड रॅम्स संघाला दिला. बदल्यात रॅम्सचा क्वार्टरबॅक जॅरेड गॉफ, शिवाय ड्राफ्टमधले, म्हणजे नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीतले, पहिल्या फेरीचे दोन पिक आणि तिसरीचा एक. स्टॅफर्डने त्याच हंगामात सुपर बोल, म्हणजे लीगचा अंतिम सामना, जिंकला. लायन्स 3 जिंकले, 13 हरले, एक बरोबरीत. भरपूर हसं झालं. पण त्याच वर्षीच्या ड्राफ्टमध्ये त्यांनी सगळ्यात आधी उचलला तो पेनाय सुएल, म्हणजे ऑफेन्सिव्ह टॅकल, क्वार्टरबॅकला वाचवणाऱ्या लाइनमधला गडी. 2023 मध्ये 12 विजय!

लाइन धड नसताना नवा क्वार्टरबॅक आणणं मला तरी पटत नाही. पोरगं मार खाऊन खचतं.

आणि एप्रिलमध्ये ड्राफ्टची पहिली रात्र झाली की टीव्ही बंद करू नकोस. चौथी ते सातवी फेरी शनिवारी असते. लायन्सना त्यांचा रिसीव्हर, म्हणजे पास झेलणारा, आमोन-रा सेंट ब्राउन चौथीतच मिळाला होता.