डीकॉम्पायलेशनमधले आयात केलेले यू३२ अ‍ॅरे नीट कसे करायचे?

तुमच्या निन्टेंडो ६४ गेमच्या डीकॉम्पायलेशनचा (मशीन कोडवरून पुन्हा लिहिलेल्या सी कोडचा) बिल्ड मूळ रॉमशी जुळतोय, पण सगळा डेटा यू३२च्या (३२ बिटच्या चिन्हरहित पूर्णांकांच्या) लांबलचक अ‍ॅरेंमध्ये पडलाय आणि हात लावला की चेकसम (बिल्ड मूळ रॉमशी तंतोतंत जुळतो का हे सांगणारा आकडा) बिघडतो, अशी तुमची अडचण आहे. डेटाकडे बघून टाइप ओळखत बसू नका. तो वाचणारा कोड बघा.

असेम्ब्लीमध्ये डेटा उचलणाऱ्या सूचना पाहा: एलएच दिसला तर एस१६ (१६ बिटचा चिन्हसहित पूर्णांक), एलबीयू तर यू८ (८ बिटचा चिन्हरहित), एलडब्ल्यूसी१ तर फ्लोट (दशांश संख्या). स्ट्रक्टचा (अनेक फील्डच्या एकत्र गटाचा) आकार इंडेक्सच्या गुणाकारात सापडतो: इंडेक्स २ बिट डावीकडे सरकवला, त्यात तोच इंडेक्स मिळवला आणि पुन्हा २ बिट सरकवला, तर एक घटक २० बाइटचा. मात्र अख्खा स्ट्रक्ट कॉपी होताना फ्लोटही साध्या एलडब्ल्यूनेच (३२ बिटचा शब्द उचलणाऱ्या सूचनेनेच) उचलला जातो, म्हणून एकाच फंक्शनवर विसंबू नका. १०९२६१६१९२ असा विचित्र आकडा दिसला की हेक्स करून बघा. ४१२००००० येतं, म्हणजे १०.०.

खरा वेळ पॉइंटरमध्ये, म्हणजे डेटात साठवलेल्या मेमरी पत्त्यांमध्ये, जातो. कच्चा पत्ता तसाच ठेवला तरी चेकसम जुळतो, त्यामुळे चूक लपून राहते. हेक्समध्ये ८० ने सुरू होणारा आकडा सिम्बॉलच्या (फंक्शन आणि डेटाच्या नावांच्या) यादीत शोधा आणि जागी नाव लिहा. ८०८०८०८० हा बहुधा करडा रंग असतो, कारण तो ८ मेगाबाइट रॅमच्याही पलीकडे जातो. ओव्हरले (गरजेनुसार रॅममध्ये आणले जाणारे कोडचे तुकडे) असलेल्या गेममध्ये रॅमच्या मर्यादेची ही चाळणी चालत नाही. तिथले लिंकरने (बिल्डचे तुकडे जोडणाऱ्या प्रोग्रामने) दिलेले पत्ते रॅमबाहेरचेही असू शकतात. ०६००१२३४ सारखे आकडे सेगमेंटेड पत्ते (सेगमेंटचा क्रमांक आणि त्यातलं अंतर) असू शकतात, त्यांना साधा पूर्णांक समजू नका.

टाइप बरोबर असूनही बिल्ड जुळेना, तर आधी कॉन्स्ट (‘हा डेटा बदलत नाही’ असं सांगणारा सीमधला शब्द) तपासा. तो उगाच लावला की अ‍ॅरे डेटा विभागातून आरओडेटा (फक्त वाचायच्या डेटाच्या) विभागात जातो आणि पुढचं सगळं सरकतं. अ‍ॅरेच्या शेवटी १६च्या पटीपर्यंत भरलेली शून्यं बहुतेकदा पॅडिंग असतात, घटक नव्हेत. तिथे मूळ फाइलची हद्द असण्याची शक्यता मोठी. एका वेळी एकच अ‍ॅरे बदला, बिल्ड करा, कमिट करा.

सगळं झाल्यावर अगदी सुरुवातीच्या डेटा फाइलमध्ये मुद्दाम १६ बाइट घाला, रॉमच्या हेडरमधला सीआरसी (कन्सोल सुरू होताना तपासतो तो आकडा) नव्याने काढा आणि गेम चालवा. मूळ रॉमशी चेकसम अर्थातच जुळणार नाही. गेम कोसळला, तर कुठेतरी कच्चा पत्ता उरलाय. क्रॅशच्या वेळी रजिस्टरमध्ये असलेला पत्ता अ‍ॅरेंमध्ये शोधा.