नागपूरजवळच्या नंदिवर्धनचं आज काय शिल्लक आहे? एका दिवसात बघून होईल का?

होईल. नंदिवर्धन म्हणजे आजचं नगरधन गाव, विदर्भातल्या वाकाटक राजघराण्याची जुनी राजधानी. फक्त तिथला किल्ला बघून ‘हीच ती वाकाटकांची राजधानी’ असं समजून परत येऊ नका. मी पहिल्यांदा तसाच फसलो होतो, बुरुजाचे वीस फोटो काढून आणले. तो तट वाकाटकांच्या कित्येक शतकांनंतरचा. जुनं नंदिवर्धन आहे ते पायाखाली, गावातल्या घरांच्या आणि धानाच्या बांध्यांच्या खाली.

2015 ते 2018 दरम्यान इथे उत्खनन झालं, तेव्हा मातीवर उठवलेला एक शिक्का सापडला. ब्राह्मीत प्रभावतीगुप्ताचं नाव आणि सोबत शंख. ही गुप्त सम्राट दुसऱ्या चंद्रगुप्ताची लेक, वाकाटकांची सून. नवरा लवकर गेला, पोरं लहान, म्हणून पाचव्या शतकाच्या सुरुवातीला राज्य तिनंच चालवलं. पुण्यात मिळालेला तिचा ताम्रपटही नंदिवर्धनहूनच दिलेला आहे.

आता नकाशा. नगरधन सपाटीवर. तिथून उत्तरेला सहा-सात किलोमीटरवर रामटेकची टेकडी, आणि रामटेकच्या पश्चिमेला मनसर. राजवाडा खाली, देव टेकडीवर, असा सगळा कारभार. म्हणून फक्त नगरधन बघून काही कळत नाही.

रामटेकला लोक गाडीतून उतरतात ते थेट गडमंदिरात. वाटेतली केवल नरसिंह आणि रुद्र नरसिंह ही दोन बुटकी, लाल दगडाची देवळं मात्र खास वाकाटकांची. केवल नरसिंहाच्या भिंतीत त्या काळचा शिलालेख आहे. डोळे अंधाराला सरावेपर्यंत थांबा. आत मांडी उभी करून बसलेला धिप्पाड नरसिंह. वर वराहाची मोठी मूर्ती आहे, तिच्या पोटाखालून सरपटत जायचं. पापी माणूस अडकतो म्हणतात. मी निघालो, पण पोट आत ओढून. पाप की तर्री-पोहे, देव जाणे.

मनसरला हिडिंबा टेकडीवर विटांचं प्रचंड बांधकाम उघडं पडलंय. प्रभावतीगुप्ताच्या मुलानं, दुसऱ्या प्रवरसेनानं, राजधानी नंदिवर्धनहून प्रवरपूरला हलवली, ते प्रवरपूर हेच, असं उत्खनन करणाऱ्यांचं मत. इथली सुंदर शिवमूर्ती मात्र दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे, इथे शोधू नका.

कामठी-कन्हानवरून सकाळीच निघा. मनसर हायवेलाच लागतं, ते आधी उरका, मग रामटेक, शेवटी नगरधन. एप्रिल-मे मध्ये तर जाऊच नका बाप्पा, देवळाच्या फरशीवर पाय भाजतात.