१०३ नंबरवर मँचेस्टरला आयटीव्ही १ आणि एडिनबराला एसटीव्ही, असं का?

तुमचे प्रश्न दोन. मँचेस्टरला तुमच्या घरी स्कायवर, म्हणजे ब्रिटनमधल्या डिश टीव्हीवर, १०३ लावलं की आयटीव्ही १ दिसतं आणि एडिनबराच्या मित्राकडे त्याच नंबरला एसटीव्ही, मालिका मात्र तीच. हे काय गौडबंगाल? आणि दुसरा, आयटीव्हीचं आधी आयटीव्ही १, मग नुसतं आयटीव्ही, मग परत आयटीव्ही १, हा पोरखेळ कशासाठी? वर तीन-चार जणांनी 'मार्केटिंगवाल्यांना काम नको का' अशी उत्तरं दिली आहेत. वाचायला मजा आली, पण त्यांनी तुमचं काम भागणार नाही.

मी इथे ब्रिटनमध्ये बरीच वर्षं राहतोय आणि हा माझा जुना नाद आहे, त्यामुळे जरा पाल्हाळ लागेल. चॅनेलची पाटी बदलली की मी तीन गोष्टी तपासतो: मालक बदलला का, कायदा बदलला का, आणि कार्यक्रम घरात पोचायची वाट बदलली का. बहुतेक वेळा यातलं एक तरी झालेलं असतं. जमिनीचा व्यवहार झाला की सातबाऱ्यावर फेरफार पडतो, तसा इथला लोगो. व्यवहार आधीच उरकलेला असतो, आपल्याला नोंद तेवढी दिसते.

आयटीव्हीची गोष्ट सगळ्यात गुंतागुंतीची, म्हणून तिथूनच धरतो. २२ सप्टेंबर १९५५ ला लंडनमध्ये जाहिरातींवर चालणारं हे टेलिव्हिजन सुरू झालं, तेव्हा ते एक चॅनेल नव्हतंच. वेगवेगळ्या प्रदेशांचे परवाने वेगवेगळ्या कंपन्यांना दिले होते आणि या कंपन्या आपापसात कार्यक्रमांची देवाणघेवाण करायच्या. वायव्य इंग्लंडची, म्हणजे तुमच्या मँचेस्टरची, ग्रॅनडा. १९६८ पासून यॉर्कशरची यॉर्कशर टेलिव्हिजन. ईस्ट अँग्लियाची अँग्लिया, जिच्या पडद्यावर चांदीचा घोडेस्वार संथपणे गिरक्या घ्यायचा. लंडनची तर आठवड्यातच वाटणी होती: १९६८ पासून सोमवार ते शुक्रवार थेम्स, आणि शुक्रवार संध्याकाळपासून रविवार रात्रीपर्यंत लंडन वीकएंड टेलिव्हिजन, म्हणजे एलडब्ल्यूटी. एकाच शहरात, एकाच बटणावर, शुक्रवारी संध्याकाळी चॅनेलचं नाव, उद्घोषक आणि संगीत सगळंच बदलायचं. लोकांना त्यात काही विशेष वाटत नसे.

आपल्याकडच्या वाचकांसाठी एक खूण सांगतो. भारतात अजूनही ज्याच्या क्लिपा फिरतात ते 'माइंड युअर लँग्वेज' १९७७ सालचं, एलडब्ल्यूटीचं. निळ्या, पांढऱ्या आणि नारिंगी पट्ट्यांतून 'एलडब्ल्यू' अक्षरं वळत जातात, ती तिची ओळखचित्रफीत. इथले लोक तिला आयडेंट म्हणतात. 'मिस्टर बीन'चा पहिला भाग १ जानेवारी १९९० ला लागला, तो थेम्सचा. थेम्सच्या आयडेंटमध्ये लंडनच्या इमारती नदीतल्या प्रतिबिंबासह वर यायच्या. पण या दोन्ही कंपन्यांचं चॅनेल आयटीव्हीच, नाव पडद्यावर असो वा नसो.

मग १९९० चा प्रसारण कायदा आला. मार्गारेट थॅचर यांच्या सरकारने ठरवलं की परवाने लिलावाने द्यायचे: बंद लिफाफ्यात बोली, दर्जाची एक चाळणी, आणि त्यातून पार पडलेल्यांत जो जास्त रक्कम देईल त्याला प्रदेश. १९९१ च्या निकालांनी एकेकाची झोप उडवली. लंडनच्या कामाच्या दिवसांसाठी थेम्सने वर्षाला ३ कोटी २७ लाख पौंडांची बोली लावली, कार्लटनने ४ कोटी ३२ लाखांची. थेम्स गेली. दक्षिण इंग्लंडच्या टीव्हीएसने तब्बल ५ कोटी ९८ लाख देऊ केले आणि ती बाद झाली, कारण एवढे पैसे देऊन हिला धंदा चालवता येणार नाही असं नियामकांना वाटलं. परवाना ३ कोटी ६५ लाखांच्या मेरिडियनला मिळाला. इकडे बर्मिंगहॅमच्या सेंट्रलने आपल्यासमोर कोणी उभंच राहणार नाही हे आधी हेरलं होतं. तिने बोली लावली २,००० पौंड. हजार हा आकडा बरोबर वाचलात. सबंध मिडलंड्स वर्षाला दोन हजारांत.

सकाळच्या प्रसारणाचा परवाना टीव्ही-एएमच्या हातून गेला, तेव्हा खुद्द थॅचरबाईंनी तिच्या प्रमुखांना हळहळ व्यक्त करणारं पत्र लिहिलं. कायदा आपलाच आहे याची कबुलीही त्यात होती. त्या प्रमुखांनी ते चारचौघांत वाचून दाखवलं. थेम्सने १९८८ साली जिब्राल्टरमधल्या आयआरए (उत्तर आयर्लंडमधली सशस्त्र संघटना) सदस्यांच्या हत्येवर सरकारला झोंबणारा माहितीपट दाखवला होता, थेम्सचा परवाना गेला तो त्याचा सूड, अशी कुजबुज तेव्हा होती. मला ते पटत नाही. बोलीतला एक कोटीचा फरक पुरेसा बोलका आहे.

१ जानेवारी १९९३ च्या मध्यरात्रीनंतर लंडनच्या पडद्यावरून थेम्स गेली आणि कार्लटन आली. लोगोच्या अंगाने पाहिलं तर ब्रिटनमधला हा सगळ्यात मोठा बदल, आणि तो कुठल्याही डिझायनरने केलेला नाही.

पुढची दहा वर्षं खरेदी-विक्रीची. मालकीचे नियम सैल झाले तशी मोठी कंपनी छोटीला गिळत गेली. १९९४ साली ग्रॅनडाने एलडब्ल्यूटी घेतली आणि कार्लटनने सेंट्रल. २००२ पर्यंत इंग्लंड आणि वेल्समधले सगळे ११ परवाने या दोघींच्याच खिशात होते. मग अकरा नावं, अकरा आयडेंट, अकरा ठिकाणचे उद्घोषक कशाला पोसायचे? १९८९ साली सगळ्यांना एक सामाईक रूप देण्याचा प्रयत्न झाला होता. तेव्हा कंपन्या स्वतंत्र होत्या आणि काहींनी ते सरळ धुडकावलं. आता विचारायला उरलंच होतं कोण? २८ ऑक्टोबर २००२ ला इंग्लंड-वेल्सच्या पडद्यावरून प्रादेशिक नावं उतरली आणि सगळीकडे आयटीव्ही १ झालं. फेब्रुवारी २००४ मध्ये कार्लटन आणि ग्रॅनडा यांचं रीतसर विलीनीकरण होऊन आयटीव्ही पीएलसी जन्माला आली. पाटी आधी बदलली आणि लग्न मागून लागलं, असा हा एक अपवाद; पण बोलणी तोवर पक्की झाली होती.

तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर इथेच आहे. मध्य आणि उत्तर स्कॉटलंडचे दोन परवाने या दोघींपैकी कोणाकडेच नव्हते. ते स्कॉटिश आणि ग्रॅम्पियन या चॅनेलांचे, आणि दोन्हींची मालकी ग्लासगोच्या एका तिसऱ्याच कंपनीकडे. तिने आयटीव्ही १ हे नाव लावलंच नाही. ३० मे २००६ ला दोन्ही चॅनेलांना मिळून एसटीव्ही हे नाव दिलं. एसटीव्ही कार्यक्रम आयटीव्हीकडून घेते, पैसे देते, पण पडद्यावरची मालकीण तीच. २००९ साली तिने आयटीव्हीच्या काही महागड्या नाट्यमालिका दाखवणं बंद केलं, त्यावरून प्रकरण कोर्टात गेलं आणि २०११ मध्ये तडजोड झाली. म्हणजे तुमच्या मित्राकडे ज्या दिवशी मालिका 'तीच' नसेल, त्या दिवशी चकित होऊ नका.

उत्तर आयर्लंडला अजून वेगळं. तिथलं यूटीव्ही, म्हणजे अल्स्टर टेलिव्हिजन, आयटीव्हीने २०१५ साली १० कोटी पौंडांना विकत घ्यायचं ठरवलं, व्यवहार २०१६ मध्ये पुरा झाला, आणि तरी नाव ठेवलं. बेलफास्टमध्ये ते नाव पुसणं धंद्याला परवडलं नसतं. (आपल्या रॉनी स्क्रूवालांच्या यूटीव्हीशी याचा काही संबंध नाही, हा प्रश्न दर वेळी येतो.)

आता तो '१'. १९९८ च्या डिसेंबरात आयटीव्ही २ निघालं, त्यामुळे २००१ साली मूळ चॅनेलला '१' लागला; ३ आणि ४ त्यानंतर आली. २०१३ च्या जानेवारीत कंपनीला वाटलं की मुख्य चॅनेल म्हणजेच आपली ओळख, त्याला आकडा कशाला. म्हणून परत नुसतं आयटीव्ही, आणि मागच्या चित्रातले रंग स्वतःत ओढून घेणारा पाच रंगांचा वळणदार लोगो. नोव्हेंबर २०२२ मध्ये '१' पुन्हा आला, कारण डिसेंबरात आयटीव्हीएक्स हे स्ट्रीमिंग अ‍ॅप येणार होतं. 'आयटीव्ही' हे नाव सगळ्या घराण्याचं झाल्यावर थोरल्याला स्वतःचं नाव हवंच. तुम्ही याला पोरखेळ म्हणता, पण मला तिन्ही वेळचा हिशोब कळतो. २०१३ चा मात्र अदूरदर्शी होता असं माझं मत. आयटीव्ही २ चालू असताना १ काढून टाकायचा, याला काय म्हणावं!

हे वाचून वाटेल की लोगोला स्वतःची ताकदच नाही. तसं म्हणणार असाल तर बीबीसी टू बघा. बीबीसीला जाहिराती नाहीत, लिलाव नाही, मालक बदलत नाही. १९८६ पासून बीबीसी टूच्या पडद्यावर 'टू' हा शब्द फिकट रंगांत, सभ्यपणे उभा असायचा. प्रेक्षकांना विचारलं की ते चॅनेल रटाळ, विद्वानांचं, आपलं नव्हे असं सांगायचे. मार्टिन लँबी-नेर्न यांना बोलावलं गेलं. चॅनेल ४ चे उडत येऊन जुळणारे रंगीत ठोकळे १९८२ मध्ये त्यांनीच घडवले होते. १६ फेब्रुवारी १९९१ पासून '२' हा आकडा जिवंत वस्तू झाला: कधी धातूच्या पात्यासारखा जमिनीत रुतणारा, कधी त्यावर रंगाचा सडा पडणारा, पुढे केसाळ कुत्रं, खेळण्यातली गाडी. थोड्याच दिवसांत तेच प्रेक्षक म्हणू लागले की चॅनेल खुसखुशीत झालंय, हुशार झालंय. कार्यक्रम बदललेले नव्हते. ते आकडे २००१ पर्यंत चालले आणि २०१४ मध्ये चॅनेलच्या पन्नाशीला परत आणले, ते २०१८ पर्यंत राहिले. इथे मी बिनशर्त मान्य करतो की काम डिझायनरनेच केलं. लँबी-नेर्न २०२० च्या नाताळात वारले.

दुसरं उदाहरण लोक हमखास देतात ते डेव्हचं. यूकेटीव्ही जी टू असं कोणाच्या लक्षात न राहणारं नाव असलेल्या चॅनेलचं १५ ऑक्टोबर २००७ ला 'डेव्ह' झालं, का तर डेव्ह नावाचा एखादा मित्र प्रत्येकाला असतोच. नाव झकास, वाद नाही. पण त्याच दिवशी ते चॅनेल फ्रीव्ह्यूवर, म्हणजे साध्या अँटेनावर फुकट दिसायला लागलं, हे सांगायचं लोक विसरतात. जी टू हेच नाव ठेवून फ्रीव्ह्यूवर आणलं असतं तरी प्रेक्षक वाढलेच असते. किती, यावर वाद घालायला मी तयार आहे.

चॅनेल ५ बद्दल थोडक्यात, कारण ती सरळ मालकांची यादी आहे. ३० मार्च १९९७ ला सुरू झालं. त्याआधी घरोघर माणसं पाठवून लोकांचे व्हिडिओ रेकॉर्डर परत ट्यून करून द्यावे लागले, कारण नव्या चॅनेलची वारंवारता आणि व्हीसीआरची एकच होती. २००२ मध्ये नाव 'फाइव्ह'. २०१० मध्ये रिचर्ड डेस्मंड यांनी विकत घेतलं, २०११ मध्ये परत 'चॅनेल ५'. २०१४ मध्ये व्हायाकॉमने ४५ कोटी पौंडांना घेतलं. मार्च २०२५ पासून चॅनेल आणि अ‍ॅप दोन्हींचं नाव नुसतं '५'.

हे शेवटचं पाऊल सध्या सगळेच उचलताहेत. चॅनेल ४ ने २०२३ मध्ये 'ऑल ४' हे अ‍ॅपचं नाव टाकून दिलं. यूकेटीव्हीने २०२४ मध्ये अ‍ॅपचं नाव 'यू' केलं आणि बिचाऱ्या डेव्हच्या पुढे ते 'यू' चिकटवलं, जे मला अजिबात आवडलेलं नाही. कारण उघड आहे: टीव्ही लावला की आता चॅनेल लागत नाही, चौकोनी आयकॉनांची रांग येते, आणि त्या रांगेत एकाच घरची दोन नावं परवडत नाहीत. सार्वजनिक सेवेचं बंधन असलेल्या वाहिन्यांची अ‍ॅप ठळक दिसली पाहिजेत, हे कलम २०२४ च्या मीडिया कायद्यात आलं ते याच चिंतेतून.

आपल्याकडेही वेगळं काय झालं? ईटीव्ही मराठीचं कलर्स मराठी २०१५ साली झालं, ते मालकी बदलल्यावरच.

राहिला लोगोवर उधळलेल्या पैशांचा आक्षेप. कार्लटनने निव्वळ लंडनच्या कामाच्या दिवसांच्या परवान्यासाठी दर वर्षी भरायची कबूल केलेली रक्कम वर दिली आहे. तिच्यापुढे आयडेंट चित्रित करण्याचा खर्च ठेवून बघा, मग एजन्सीजच्या नावाने बोटं मोडा.

आणि प्रादेशिक नावं पूर्ण गेली असं समजू नका. आयटीव्हीचे परवाने आजही प्रदेशवार आहेत, २०२५ पासून आणखी दहा वर्षांसाठी त्यांचं नूतनीकरण झालंय, आणि स्थानिक बातम्या दाखवणं ही त्यातली अट आहे. लीड्सकडे त्या बातम्यांचं नाव 'कॅलेंडर' आहे, यॉर्कशर टेलिव्हिजनच्या काळापासूनचं. तुमच्याकडे मँचेस्टरला संध्याकाळी सहा वाजता १०३ लावा, 'ग्रॅनडा रिपोर्ट्स' दिसेल.