डिझेल डस्टर आली नाही, आता घाटाला कोणती गाडी घ्यावी?

दादा, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. जांबोटीच्या अलीकडं घर. घरात आई-वडील, तुम्ही दोघं आणि मुलगी. २०१४ ची ११० पीएसची डिझेल डस्टर. आठवड्यातून तीन-चारदा बेळगाव, महिन्यातून एखाद्या वेळी चोर्ला घाटानं गोवा नाहीतर हायवेनं कोल्हापूर, आणि घराकडं वळणारा शेवटचा अर्धा किलोमीटर कच्चा. वर्षाला २० हजार किलोमीटर, बजेट ऑन रोड १६ लाख. नवी डस्टर डिझेलमध्ये, जमलं तर फोर बाय फोरमध्ये, म्हणजे चारही चाकांना ओढ असलेली, येईल म्हणून थांबलात. २६ जानेवारी २०२६ ला गाडी दाखवली तेव्हा दोन्ही नव्हतं. आता दुसरं काय घ्यावं, असं विचारताय.

थोडं सविस्तर लिहितो, कारण खानापूर तालुक्यात ही अडचण बऱ्याच घरांची आहे.

आधी नव्या डस्टरबद्दल. रेनोनं एप्रिल २०२० मध्ये बीएस ६ हे धुराचे कडक नियम लागू झाले तेव्हाच भारतात डिझेल सोडलं. त्यामुळं डिझेलची आशा तशी कमीच होती. पण पेट्रोल आहे म्हणून ही गाडी घाटात रडेल असं समजू नका. १.३ लिटर टर्बो १६३ पीएस आणि २८० न्यूटन मीटर टॉर्क देतं. तुमच्या जुन्या डिझेलचा टॉर्क २५० च्या आत आहे. म्हणजे ओढीत हे इंजिन कमी नाही, उलट वरचढ आहे. कमी पडेल ते १०० पीएसचं १.० लिटर. पाच माणसं, सामान आणि एसी चालू ठेवून कणकुंबीपर्यंतचे चढ त्याच्याकडून करून घ्यायला मी तरी सांगणार नाही. हायब्रिड नंतर येणार आहे, पण तिच्यासाठी आणखी थांबण्याच्या मनःस्थितीत तुम्ही दिसत नाही.

खरा फरक खिशाला पडतो. हिशेबाला सोपं म्हणून पेट्रोल १०३ आणि डिझेल ९१ रुपये धरू. घाट, खड्डे आणि गावातलं थांबत-चालणं धरून टर्बो पेट्रोल १२ चं मायलेज देईल, डिझेल १७ चं. तुमच्या २० हजार किलोमीटरला पेट्रोलचे साधारण १ लाख ७२ हजार होतात, डिझेलचे १ लाख ७ हजार. वर्षाला ६५ हजारांची तफावत. सात-आठ वर्षं गाडी वापरणार असाल तर हा आकडा दुर्लक्ष करण्यासारखा नाही. म्हणून तुम्ही डिझेलच शोधताय ते बरोबर आहे.

बेळगाव शहरातच तिलकवाडी-शहापूर एवढ्याच फेऱ्या असलेल्या माणसाला मी उलटं सांगितलं असतं. आताच्या डिझेलला धुरातली काजळी अडवणारा डीपीएफ असतो. तो साफ व्हायला इंजिन चांगलं तापून बराच वेळ एका लयीत चालावं लागतं. रोज चार किलोमीटर जाऊन बंद होणाऱ्या गाडीत तो तुंबतो, मग दिवा लागतो, मग वर्कशॉप. तुमच्या घरापासून बेळगावचं अंतर त्याला पुरेसं आहे. तो दिवा कधी लागलाच तर गाडी बंद न करता पिरनवाडीच्या पुढं हायवेवर एक चांगला फेरफटका मारा. बऱ्याच नव्या डिझेलना धूर स्वच्छ करणारं डीईएफ नावाचं द्रावणही भरावं लागतं. त्याची टाकी रिकामी होऊ देऊ नका, नाहीतर गाडी सुरूच होणार नाही.

आता फोर बाय फोर. इथं मी तुमच्याशी थोडा वाद घालणार आहे. तुमची आत्ताची डस्टर पुढच्या चाकांवर चालणारीच आहे. फोर बाय फोर डस्टर वेगळी होती, ती २०१४ च्या शेवटी आली. म्हणजे इतके पावसाळे तुम्ही साध्या टू व्हील ड्राइव्हवर काढलेत. तुम्हाला तिचं जे आवडलं ते सस्पेन्शन, खालची उंची आणि कमी आरपीएमला मिळणारी ओढ. नव्या गाडीत तेच शोधा.

पावसात तांबड्या मातीच्या चढावर पुढची चाकं जागच्या जागी का फिरतात हेही लक्षात घ्या. चढावर गाडीचं वजन मागं सरकतं आणि जी चाकं ओढतात तीच हलकी होतात. शिवाय मागं तीन माणसं आणि डिकीत पोती असली की आणखीच. अशा वेळी माणसं उतरवून गाडी रिव्हर्समध्ये वर घेतली तर ओढणारी चाकं खालच्या बाजूला येतात, वजन त्यांच्यावर पडतं आणि गाडी निघते. आपल्याकडचे जुने ड्रायव्हर हेच करतात. चिखलात ट्रॅक्शन कंट्रोलचं, म्हणजे चाक जागेवर फिरू न देणाऱ्या यंत्रणेचं, बटण बंद केलं तरी कधी कधी फायदा होतो, कारण चाक थोडं फिरून खालची घट्ट जमीन शोधतं.

आमगाव-गवाळीसारख्या जंगलातल्या गावात राहत असता तर मी फोर बाय फोरशिवाय दुसरं नाव घेतलं नसतं. तुमचा प्रश्न अर्ध्या किलोमीटरचा आहे, आणि त्यातही अडचणीचा भाग बहुधा पन्नास-शंभर मीटरच असेल. शेजारी मिळून तेवढ्या पट्ट्यात मोठे दगड आणि वर खडी टाकून रोलर फिरवा आणि कडेनं पाण्याला चर काढा. फोर बाय फोरसाठी जास्तीचे तीन-चार लाख देण्यापेक्षा हे कितीतरी स्वस्त पडेल. पावसात रुग्णवाहिका दारापर्यंत येईल हा फायदा वेगळाच, आणि घरात आई-वडील आहेत म्हणून तो मला मोठा वाटतो.

तरीही फोर बाय फोर पाहिजेच असेल तर काय मिळतं बघा. थार रॉक्स आणि स्कॉर्पिओ एन डिझेल फोर बाय फोर तुमच्या बजेटच्या बाहेर जातात. तीन दारांची थार आणि जिम्नी दोन्ही चार सीटच्या, तुम्ही पाच जण, म्हणून बाद. ग्रँड विटारा, व्हिक्टोरिस आणि हायरायडर या ऑल व्हील ड्राइव्हमध्ये मिळतात, पण त्यात १.५ पेट्रोल आहे. १०३ पीएस आणि १३७ न्यूटन मीटर. चिखलातून बाहेर येतील, पण भरलेली गाडी घेऊन चोर्ला चढताना इंजिन ओरडत राहील. तुमच्या कामाच्या त्या नाहीत.

बोलेरो निओचं नाव तुम्हाला गावात दहा जण सुचवतील. मागच्या चाकांची ओढ, मजबूत चासी, वरच्या व्हेरिअंटला लॉक होणारा डिफरन्शियल, म्हणजे एक चाक घसरलं तरी दुसरं ओढतं. तुमच्या कच्च्या रस्त्याला ती फार चांगली. पण २०२४ च्या ग्लोबल एनकॅपच्या धडक-सुरक्षा चाचणीत तिला पाचपैकी एकच स्टार मिळाला. हायवेवर संकेश्वर, निपाणीच्या बाजूला ऊस हंगामात रात्री रिफ्लेक्टर नसलेल्या जोड ट्रॉल्या किती असतात ते तुम्हाला माहीत आहे. महिन्याला त्या रस्त्यानं आई-वडील आणि मुलीला घेऊन जाणाऱ्या घराला ही गाडी घ्या असं माझ्यानं सांगवणार नाही.

उरतात त्या पुढच्या चाकांवर चालणाऱ्या १.५ डिझेल. इथं सप्टेंबर २०२५ मधली जीएसटीची दुरुस्ती तुमच्या बाजूनं आहे. चार मीटरच्या आतली आणि १५०० सीसीपर्यंतची डिझेल गाडी १८ टक्क्यांत, त्यापेक्षा मोठी ४० टक्क्यांत. म्हणजे क्रेटा, सेल्टोस, सिएरा घेताना किमतीतला मोठा हिस्सा करात जातो. नेक्सॉन, एक्सयूव्ही ३एक्सओ, सोनेट, व्हेन्यू घेताना तोच पैसा गाडीत जातो. १६ लाखांत क्रेटा किंवा सिएराचं खालचं व्हेरिअंट येईल, आणि तेवढ्याच पैशात छोट्या गाडीचं वरचं.

सिएरा डिझेल मला स्वतःला आवडली आहे. मागं जागा भरपूर. पण गाडी नोव्हेंबर २०२५ मध्ये आलेली, तेव्हा पहिल्या वर्षातल्या गाड्या इतरांना वापरू द्याव्यात असं माझं मत आहे. एकुलती एक गाडी आणि घर बेळगावपासून लांब असेल तर जास्तच.

तुमच्यासाठी मी दोनच नावं ठेवतो, नेक्सॉन डिझेल आणि ३एक्सओ डिझेल. दोघींना पाच स्टार आहेत, नेक्सॉनला ग्लोबल एनकॅपचे आणि ३एक्सओला भारत एनकॅपचे. ३एक्सओचं इंजिन ३०० न्यूटन मीटर देतं, तेही १५०० आरपीएमपासून. चोर्ल्यात दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये ही गाडी ज्या सहजतेनं चढते ते एकदा अनुभवाच. मागची सीट रुंद आहे, तिघं नीट बसतात. पण डिकी लहान आहे, आणि तुमच्या डस्टरच्या ४७५ लिटर डिकीची सवय असलेल्याला ते पहिल्याच आठवड्यात जाणवेल. नेक्सॉनची डिकी ३८२ लिटर आणि खालची उंची २०८ मिलिमीटर. सस्पेन्शन खड्ड्यात डस्टरच्या सगळ्यात जवळ जाणारं. ओढ २६० न्यूटन मीटर, म्हणजे तुमच्या आत्ताच्या गाडीइतकी तरी आहेच. काजूची पोती आणि पाच माणसं एकत्र नेणं नेहमीचं असेल तर नेक्सॉन. मागं आई-वडील आणि मुलगी तिघं रोज बसणार असतील तर ३एक्सओ. माझा कल थोडा नेक्सॉनकडं आहे, तो तुमच्या रस्त्यामुळं.

व्हेरिअंट निवडताना सनरूफच्या आधी चाक बघा. तुमच्या डस्टरला २१५/६५ आर १६ टायर आहेत, म्हणजे टायरची भिंत जवळपास १४० मिलिमीटर उंच. खड्ड्याचा मार ती भिंत खाते. नेक्सॉनच्या २१५/६० आर १६ मध्ये ती १२९ होते. १७ इंची चाक असलेल्या व्हेरिअंटमध्ये आणखी कमी, आणि किणये-जांबोटीच्या रस्त्यावर पावसाळ्यानंतर अलॉय वाकायला वेळ लागत नाही. शोरूममध्ये १७ इंची चाक देखणं दिसतं, पण तुम्ही १६ इंचीच घ्या. सोबतच फॉग लॅम्प असलेलं व्हेरिअंट बघा. जुलैत कणकुंबीच्या पुढं धुकं आणि पाऊस एकत्र आले की एलईडीचा पांढरा झोत समोर भिंतीसारखा उभा राहतो.

टेस्ट ड्राइव्ह काँग्रेस रोडवर पाच मिनिटांत उरकू देऊ नका. दोन्ही शोरूमना आधीच सांगा की जांबोटी रोडला किणयेच्या पुढपर्यंत जायचं आहे आणि घरचे सगळे येणार आहेत. आईला मागच्या दारानं स्वतः चढू-उतरू द्या. सीटची उंची गुडघ्याला सोसते का ते कागदावर कळत नाही. चढावर गाडी पूर्ण थांबवून एसी चालू ठेवून पुन्हा काढा. मग तिसऱ्या गिअरमध्ये वेग मुद्दाम कमी करून क्लच न दाबता ओढून बघा. या दोन गोष्टींत इंजिन कळतं.

आणि नोंदणीच्या वेळच्या रस्ता कराचं. कर्नाटकात ५ ते १० लाखांना १४ टक्के, १० ते २० लाखांना १७ टक्के, सेस वेगळा. वाढीव दर पूर्ण किमतीवर लागतो, त्यामुळं ९ लाख ९५ हजारांची आणि १० लाख ५ हजारांची गाडी यांत कराचाच तीस हजारांवर फरक पडतो. महाराष्ट्रात १० ते २० लाखांच्या डिझेलला १४ टक्के. म्हणून कोल्हापूरच्या किंवा चंदगडच्या पाहुण्यांच्या पत्त्यावर एमएच ०९, म्हणजे तिकडचा नंबर, घ्यायचा सल्ला तुम्हाला नक्की मिळेल. तो ऐकू नका. मोटार वाहन कायद्याच्या कलम ४७ प्रमाणं दुसऱ्या राज्यात गाडी १२ महिन्यांहून जास्त ठेवली की तिथला नंबर घ्यावा लागतो, म्हणजे इथला करही भरावा लागतो. तिकडचा परतावा मागत फिरायचं ते वेगळं. शिवाय गाडी पाहुण्यांच्या नावावर असेल तर अपघातानंतर विम्याच्या वेळी त्यांनाच धावावं लागेल. बेळगावचा केए २२ नंबर घ्या आणि निर्धास्त राहा.

राहिली जुनी डस्टर. तिची नोंदणी २०२९ पर्यंत आहे आणि आपल्याकडं दिल्ली परिसरात लावली तशी डिझेलला दहा वर्षांची अट नाही, त्यामुळं एक्स्चेंजच्या पहिल्या आकड्याला हो म्हणण्याची घाई नाही. टायमिंग बेल्ट कधी बदलला त्याची पावती शोधून ठेवा, जाणकार गिऱ्हाईक आधी तेच विचारतं. डिझेल डस्टरला अजून मागणी आहे, आणि आता नवीत डिझेल नाही म्हटल्यावर ती लगेच संपणार नाही. बेळगाव जिल्ह्यातच विकलीत तर फॉर्म २९ आणि ३० वर नाव बदलायचं काम होतं. गोव्याचं किंवा चंदगडचं गिऱ्हाईक असेल तर फॉर्म २८ भरून बेळगाव आरटीओची एनओसी, म्हणजे ना हरकत दाखला, आधी काढा, आणि गाडी त्यांच्या नावावर झाल्याचं ऑनलाइन दिसेपर्यंत कागदांच्या प्रती जपून ठेवा.