दुखणं मनातलं, म्हणून खोटं?

प्रश्न : मॅडम, मी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, विषय तत्त्वज्ञान. आम्ही सोलापूरजवळ कुंभारीला विडी घरकुलात राहतो. आई लग्नाआधीपासून विड्या वळते. आता तिची मान आणि उजव्या हाताची बोटं रात्र रात्र ठणकतात. डॉक्टर म्हणाले, "रिपोर्ट नॉर्मल आहेत, मनाचं आहे." आत्या प्रवचनाला जाते. ती म्हणते, जगच मिथ्या, तर दुखणं कुठलं खरं? नामस्मरण कर. मामा म्हणतो, जाणीव म्हणजे मेंदूतली रसायनं आणि चांगलं-वाईट माणसांनीच ठरवलेलं. विड्या तपासताना आईच्या काही विड्या खराब म्हणून बाजूला काढतात. त्यांचे पैसे देत नाहीत आणि विड्याही परत देत नाहीत. वर्गात बर्कली हा तत्त्वज्ञ शिकवला तेव्हा वाटलं, सगळं मनातच असेल तर हा अन्याय आहे असं म्हणायला तरी आधार काय?
– एक वाचक, कुंभारी

उत्तर : डॉक्टर, आत्या आणि मामा तीन वेगळ्या गोष्टी सांगतायत असं तुला वाटतंय. मला तिघांच्या बोलण्यामागे एकच गृहीत दिसतं : जे मनात आहे ते कमी खरं. मला ते मुळातच मान्य नाही.

आईचं दुखणंच घे. मांडीवर सूप, पान कात्रीने कापायचं, तंबाखू भरून वळायचं, दोरा गुंडाळायचा, तोंड नखाने दुमडायचं. दिवसभर मान खाली. एक्स-रेमध्ये मणके दिसतील, ठणका दिसणार नाही. ठणका कुणाच्याच फोटोत आजवर आलेला नाही. तो आईच्या जाणिवेतच असतो. पण म्हणून तो तिच्या मर्जीवर चालतो का? "आज नाही दुखणार" असं ठरवून तो थांबत नाही. डॉक्टरांचं मत काहीही झालं तरी थांबत नाही. म्हणजे दुखणं पूर्णपणे मनातलं आहे, आणि तरी ते कुणाच्या मतावर अवलंबून नाही. एवढं नीट धरलंस की चिद्वादाची, म्हणजे सगळं मुळात मनच आहे या मताची, निम्मी भीती जाते.

बर्कलीचंही तेच आहे. वस्तूचं असणं म्हणजे जाणवलं जाणं, असं त्याने १७१०च्या ग्रंथात मांडलं. पण आग पोळत नाही असं तो कुठे म्हणत नाही. उलट, भर दिवसा डोळे उघडले की काय दिसावं हे आपल्या हातात नसतं, यावरूनच तो ईश्वरापर्यंत जातो.

मामांना सांग, मेंदूचा आणि जाणिवेचा संबंध कुणी नाकारत नाही. भूल दिली की जाणीव जाते. पण कुठली नस चेतवली गेली हे कळल्यावरही, त्या चेतवण्याचं 'दुखणं' का व्हावं, हे शिल्लक राहतं. तत्त्वज्ञ डेव्हिड चामर्स यांनी १९९५ मध्ये याच प्रश्नाला 'अवघड प्रश्न' म्हटलं आणि त्यावर अजून वाद चालू आहे. ते रसायनाने सुटलं असं मामांनी इतक्यात गृहीत धरू नये.

आत्याबाईंच्या म्हणण्यावर मात्र जरा थांबायला हवं, कारण हे बोलणं आपल्याकडे गल्लोगल्ली ऐकू येतं आणि बहुतेक वेळा ते दुसऱ्याच्या दुखण्याबद्दल असतं. ज्यांच्या नावावर हे खपतं त्या शंकराचार्यांनी ब्रह्मसूत्रांच्या भाष्यात, बाहेर काही नाहीच असं म्हणणाऱ्या विज्ञानवादी बौद्धांना खोडून काढलंय. ते म्हणतात, जेवून तृप्त होत असलेला माणूस "मी जेवत नाही, तृप्तही होत नाही" म्हणाला, तर त्याचं कोण ऐकेल? जागेपण स्वप्नासारखं नाही, असं सूत्रच आहे. मिथ्या म्हणजे शेवटचं सत्य नव्हे, एवढंच. ब्रह्मज्ञान होईपर्यंत व्यवहार खराच, आणि व्यवहारात मानही येते, मजुरीही येते.

आता अन्यायाचं. चांगलं-वाईट माणसांनी ठरवलेलं, हे मामांचं म्हणणं सोलापुरात उभं राहून पटवून घेणं कठीण आहे. स्वातंत्र्यचळवळीतल्या मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकिसन सारडा आणि जगन्नाथ शिंदे या सोलापूरकरांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी दिली, ती तेव्हाच्या कायद्यानेच. ज्यांच्या हाती सत्ता होती त्यांनी 'योग्य' ठरवलं होतं. ठरवणं एवढंच नीतीचं मूळ असेल, तर ती फाशी अन्यायाची होती असं म्हणताच येणार नाही. फार तर "आम्ही आता वेगळं ठरवलंय" इतकंच म्हणता येईल. मला ते पुरत नाही. मामांनाही पुरणार नाही, विचारून बघ.

मग देवाने ठरवलं म्हणायचं? मी भाविक आहे, सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत नंदीध्वज दिसले की हात जोडते. तरी प्लेटोच्या संवादात सॉक्रेटिस युथिफ्रोला जे विचारतो ते टाळता येत नाही : देवांना आवडतं म्हणून ते पवित्र, की पवित्र आहे म्हणून देवांना आवडतं? मी दुसऱ्या बाजूची आहे. सिद्धेश्वराला खोटं तोलणं आवडत नसेल, तर त्यात आधीच काही वाईट आहे म्हणून. त्या चौघांत एक मुसलमान होता, आणि त्याच्यावरचा अन्याय ओळखायला आपल्याला त्याचा धर्म घ्यावा लागत नाही.

तेव्हा तुला आधार आहे. आईचे कष्ट कुणीतरी भोगलेले आहेत. ज्याने विड्या ठेवून घेतल्या आणि पैसे दिले नाहीत, त्याने ते कष्ट घेतले आणि नाकारलेही. हे वाईट आहे हे कळायला जग मातीचं आहे की चैतन्याचं, याचा निकाल लागेपर्यंत थांबायची गरज नाही. कामगार संघटनेकडे हे घेऊन जा, आणि किती विड्या बाजूला काढल्या ते रोज वहीत लिहून ठेवा.

डॉक्टरांकडे परत जा. रिपोर्ट नॉर्मल याचा अर्थ त्या तपासणीत काही सापडलं नाही, इतकाच. आई दिवसभर कशी बसते, हात कसा चालतो, हे बसून दाखवायला सांग. नामस्मरणाने तिला बरं वाटत असेल तर जरूर करू दे; पण बरं वाटलं की नाही हे आत्याबाईंना नाही, तिला विचार.