क्रमांक येणार नसेल तर हौशी धावपटूने स्पर्धेत भाग का घ्यावा?

आपण दोन वर्षे एकटेच नियमित धावत आहात, क्रमांक येण्याची शक्यता नाही हे आपल्याला ठाऊक आहे, आणि तरीही शुल्क भरून गर्दीत धावल्याने काय साधते, असे आपण विचारले आहे. मीही केवळ हौसेने धावतो आणि क्रमांकाशी माझा कधी संबंध आलेला नाही. तरीसुद्धा वर्षातून एखाददुसऱ्या स्पर्धेत मी आवर्जून भाग घेतो. माझ्या मते तिचा मोठा लाभ प्रत्यक्ष दिवसापेक्षा आधीच्या काही महिन्यांतच पदरात पडतो.

एरवी आपण रोज साधारण तेवढेच अंतर त्याच मध्यम वेगाने धावतो, शरीराला त्याची सवय होते आणि प्रगती खुंटते. तारीख ठरली की त्या दिवसापासून उलटे मोजत सराव आखावा लागतो: आठवड्यातून एक लांब धाव, एक वेगाचा सराव, बाकीच्या दिवशी सहज गप्पा मारता येतील इतकी संथ धाव, आणि अधूनमधून एखादा मुद्दाम हलका ठेवलेला आठवडा. मॅरेथॉन असेल तर अखेरच्या दोन-तीन आठवड्यांत अंतर घटवत न्यायचे असते. याला टेपरिंग म्हणतात. त्या काळात साचलेला थकवा उतरतो आणि स्नायूंमधला ग्लायकोजेनचा, म्हणजे शरीराने इंधन म्हणून साठवलेल्या साखरेचा, साठा भरून येतो. हौशी धावपटूला विश्रांती घेणे फार जड जाते, कारण एक दिवस चुकला तरी आपण मागे पडू असे त्याला वाटत राहते. ती विश्रांती सरावाचाच भाग आहे हे मला स्पर्धेच्या तारखेनेच पटवून दिले. अर्थात, जो दर महिन्याला स्पर्धा धावतो त्याला ना सरावाला वेळ उरतो ना विश्रांतीला, म्हणून तसे करू नये.

दुसरा लाभ खात्रीच्या मोजमापाचा. मनगटावरचे घड्याळ उपग्रहांच्या संकेतांवरून अंतर काढते, आणि उंच इमारती किंवा दाट झाडी आली की त्याचा हिशेब चुकतो. प्रमाणित मार्ग मात्र सायकलच्या चाकाला फेऱ्या मोजणारे यंत्र लावून, वळणांवर धावपटूला शक्य असलेली सर्वांत जवळची रेषा धरून मोजतात, आणि तो कमी भरू नये म्हणून दर किलोमीटरमागे एक मीटर जास्त धरतात. हाफ मॅरेथॉन २१.०९७५ किलोमीटरची असताना घड्याळ २१.३ दाखवते, तेव्हा बहुतेक जण आयोजकांना दोष देतात, पण तो बहुधा अनाठायी असतो. बिबला (छातीवर लावायच्या क्रमांकाच्या कागदाला) लावलेल्या चिपमुळे, प्रारंभरेषेवरही चिप वाचणारी पट्टी असेल तर, आपण ती ओलांडल्यापासूनची वेळ मिळते. मागच्या रांगेत उभे राहिल्याने काही बिघडत नाही. अशी एक खात्रीची वेळ हाती आली की पुढचे अंदाज बांधता येतात. पीटर रीगल या अमेरिकी अभियंत्याच्या सूत्रानुसार अंतर दुप्पट झाले की वेळ सुमारे २.०८ पट होते. म्हणजे १० किलोमीटरला ६० मिनिटे लागत असतील तर हाफ मॅरेथॉनला साधारण २ तास १२ मिनिटे लागतील, अर्थात तेवढा लांब सराव झालेला असेल तर.

सोबतीचा परिणाम तर जुनाच आहे. सायकलस्वार एकट्यापेक्षा इतरांबरोबर अधिक वेगाने जातात, याची नोंद नॉर्मन ट्रिप्लेट यांनी १८९८ मध्ये केली होती. धावताना याचा अनुभव पहिल्याच किलोमीटरमध्ये येतो: आजूबाजूचे सगळे भराभर पुढे निघतात, पाय हलके वाटतात, किलोमीटरला सहा मिनिटे ठरवलेली असताना घड्याळ साडेपाच दाखवते आणि श्वासाची मात्र काहीच तक्रार नसते. त्या क्षणी स्वतःला आवरणे एकट्याच्या सरावात शिकता येत नाही. न आवरल्यास मॅरेथॉनमध्ये तिसाव्या किलोमीटरच्या आसपास ग्लायकोजेन संपत येते आणि पाय शिशासारखे जड होतात. आवरल्यास शेवटच्या टप्प्यात, सुरुवातीला पुढे गेलेल्यांपैकी अनेकांना आपण शांतपणे मागे टाकतो. पाण्याच्या टेबलांवरही असेच काही शिकायला मिळते: पहिल्या टेबलाशी गर्दी असते, म्हणून शेवटचे गाठावे, आणि कागदी पेल्याचा काठ चिमटीत दाबून चोच केली की न थांबता पिता येते.

वाहतूक रोखलेला रस्ता, वैद्यकीय मदत आणि स्वयंसेवक यांची सोय असते, हेही लांब अंतरासाठी महत्त्वाचे आहे. आपली अडचण शुल्काचीच असेल, तर विनाशुल्क उपक्रमही आहेत. लंडनच्या बुशी पार्कमध्ये २००४ साली १३ धावपटूंनी सुरू झालेला पार्करन आज अनेक देशांत दर शनिवारी होतो आणि तेथे ५ किलोमीटरची वेळ नोंदवून मिळते.

पहिल्या वेळी सरावात सहज पूर्ण होणारेच अंतर निवडा. नोंदणीपूर्वी मार्ग प्रमाणित आहे का, प्रारंभरेषेवर चिपची पट्टी आहे का आणि पूर्ण करण्याची वेळमर्यादा किती आहे, हे पाहून घ्या. ती मर्यादा आपल्या सरावातील वेळेच्या अगदी जवळ असेल, तर त्याच स्पर्धेतले कमी अंतर घ्या.